पाऊस आणि तापमान मोजायची नीट पद्धत: खानदेशातल्या शेतांसाठी आणि शाळांसाठी

मृगाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावागावांतल्या ग्रुपवर आकडे पडायला लागतात. "पानी कितलं पडनं?" या प्रश्नाला एकाच शिवारातून एक जण ३० मिमी सांगतो, दुसरा ५५ सांगतो. पाऊस शिवारागणिक बदलतो हे खरं, पण बांधाला बांध लागून असलेल्या शेतांत एवढी तफावत दिसली तर मी आधी मोजणीवर संशय घेतो. कुणाच्या पर्जन्यमापकाचं नरसाळं एका मापाचं आणि पाणी मोजायचं मोजपात्र दुसऱ्याच मापाचं असतं, कुणी रात्री झोपताना मोजतं, कुणाचा पर्जन्यमापक लिंबाखाली असतो.

हवामानशास्त्रज्ञ अंदाज बांधायला बसतात तेव्हा त्यांच्यापुढे शेकडो ठिकाणांच्या नोंदी असतात. त्या एकमेकींशी ताडून पाहता येतात, कारण सगळीकडे जागा, उंची, वेळ आणि वाचनाचा क्रम एकच असतो. तीच शिस्त आपल्या शेतावर किंवा शाळेच्या मैदानावर कशी आणायची, ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. बरेच जण आधी उपकरण विकत आणतात आणि मग ते ठेवायला जागा शोधतात. निम्म्या चुका तिथेच होतात.

टप्पा १: जागा ठरवा, तीही पीक पूर्ण वाढल्यावरची

नियम साधा आहे. झाड, घर, भिंत किंवा पीक जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. चौपट अंतर मिळालं तर उत्तम. लिंबाचं झाड १० मीटर उंच असेल तर २० मीटरच्या आत मोजणी करू नका. घराच्या गच्चीवरही नको. तिथे वारा जोराचा असतो आणि थेंब नरसाळ्यावरून उडून जातात, त्यामुळे पाऊस कमी भरतो.

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात एक चूक सर्रास होते. मृगबागेची, म्हणजे मृगात लावलेल्या केळीची, लागवड नुकतीच झालेली असते, रोपं घोट्याएवढी असतात, सगळं शेत मोकळं दिसतं, म्हणून पर्जन्यमापक बागेच्या कडेला रोवला जातो. काही महिन्यांनी तीच केळी दोन-अडीच मीटर उंच होते आणि पानं थेट नरसाळ्यावर झुकतात. तिरपा पाऊस पानांनी अडतो आणि पानांवरून ओघळणारं पाणी कधी कधी नरसाळ्यात पडतं. म्हणजे एकाच हंगामात आधी कमी आणि नंतर जास्त, अशा दोन्ही चुका होतात. बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावली असेल तर तिचीही पुढची उंची धरा. शेवरी ४ मीटर होणार असेल तर किमान ८ मीटर लांब राहा. जमल्यास खळ्याची किंवा पडीक तुकड्याची जागा निवडा.

तुषार सिंचनाचा फवारा जिथवर पोचतो तिथे पर्जन्यमापक ठेवू नका. पाऊस नसलेल्या दिवशी वहीत २ मिमी दिसला तर आधी फवाऱ्याकडे बघा.

तापमापीच्या पेटीसाठीही मोकळी जागाच हवी, पण खाली काँक्रीट, फरशी किंवा खडी नको. माती किंवा आखूड गवत हवं. पत्र्याचं शेड, डांबरी रस्ता आणि विटांची भट्टी यांपासून लांब. मे महिन्यात पत्रा आणि डांबर किती तापतं हे भुसावळकरांना वेगळं सांगायला नको.

तपासा: ठरलेल्या जागी उभं राहून चारी बाजूंना पाहा. सप्टेंबरमध्ये तिथे काय काय उभं असेल याचा विचार केला का?

टप्पा २: पर्जन्यमापक बसवा आणि मोजपात्राची जोडी जुळवा

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंमी उंच असते. त्याहून खाली असेल तर जमिनीवर आपटलेले थेंब चिखलासकट उडून आत जातात. फार उंच असेल तर वाऱ्याने पाणी कमी भरतं. कड अगदी समपातळीत हवी. गवंड्याची लेव्हल पट्टी आधी एका दिशेने आणि मग आडवी ठेवून पाहा.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा इथे मोठा त्रास आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते, त्यामुळे मेमध्ये सरळ बसवलेला पाया जूनच्या अखेरीस कललेला सापडतो. पायाखाली मुरुमाचा थर द्या, काँक्रीटचा ठोकळा जरा मोठा करा आणि पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर पातळी पुन्हा तपासा.

आता मोजपात्राकडे या. सगळ्यात मोठी चूक इथे होते.

पावसाचा १ मिमी म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंमीचं असेल, म्हणजे व्यास जवळपास १६ सेंमी, तर १ मिमी पावसाला २० मिली पाणी जमतं. तोंड १०० चौरस सेंमीचं असेल तर १० मिली. दोन्ही मापांचे पर्जन्यमापक वापरात आहेत आणि त्यांची मोजपात्रं वेगळी आहेत. काचेचं जुनं मोजपात्र फुटतं, दुकानदार हातात येईल ते देतो, आणि २०० च्या नरसाळ्याला १०० चं मोजपात्र लागतं. त्या दिवसापासून तुमच्या शेतावर दुप्पट पाऊस पडायला लागतो. उलट जोडी लागली तर निम्मा.

जोडी तपासायला पाच मिनिटं लागतात:

१. नरसाळ्याच्या आतल्या कडेचा व्यास पट्टीने मोजा. त्याच्या निम्म्याचा वर्ग करा आणि ३.१४ ने गुणा. हे झालं क्षेत्रफळ, चौरस सेंमीमध्ये.
२. ते क्षेत्रफळ १० ने भागा. १ मिमी पावसाला किती मिली पाणी लागतं ते कळेल.
३. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज घेऊन १० मिमी पावसाएवढं पाणी मोजपात्रात घाला. २०० चौरस सेंमीसाठी ते २०० मिली होईल.
४. मोजपात्रावर १० ची रेघ गाठली का ते पाहा. गाठली नाही तर मोजपात्र बदला. रोज हिशेब करून दुरुस्ती करायच्या भानगडीत पडू नका. घाईच्या दिवशी ती राहूनच जाते.

आतल्या बाटलीत किती पाणी मावतं तेही लक्षात ठेवा. २०० चौरस सेंमीच्या नरसाळ्याखाली ४ लिटरची बाटली २०० मिमीला काठोकाठ भरते. सातपुड्याच्या पायथ्याला एखाद्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला तर बाटलीतून सांडलेलं पाणी बाहेरच्या डब्यात साठतं. तेही मोजायचं असतं.

सावधान: घरच्या बादलीत किंवा पातेल्यात पट्टी बुडवून पाऊस मोजू नका. बादली खाली निमुळती असते, म्हणून पाण्याची उंची आणि पावसाचे मिलिमीटर जुळत नाहीत.

टप्पा ३: तापमापी पेटीतच ठेवा

हवामानात तापमान म्हणजे सावलीतल्या, खेळत्या हवेचं तापमान. उन्हात टांगलेला तापमापी हवा मोजत नाही, स्वतः किती तापला ते दाखवतो. उन्हाळ्यात गाडीच्या पडद्यावर ४९ दिसल्याचे फोटो फिरतात तेव्हा तो आकडा उन्हात उभ्या असलेल्या लोखंडाजवळचा असतो. असे फोटो पुढे ढकलून जळगावचं खरं तापमान कुणाला कळत नाही, उगाच घबराट वाढते.

वेधशाळेत यासाठी पांढऱ्या रंगाची, झडपांच्या दुहेरी भिंतींची आणि दुहेरी छपराची लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तापमापीचे फुगे (पारा किंवा स्पिरिट भरलेली टोकं) जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येतील अशी ती पायांवर उभी करतात. दार उत्तरेकडे असतं, म्हणजे उघडल्यावर ऊन आत येत नाही. पण खानदेश २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सकाळचं ऊन ईशान्येकडून येतं आणि दारातून आत शिरू शकतं. त्या दिवसांत दार उघडताना स्वतःची सावली पेटीवर पडेल असे उभे राहा आणि झटपट वाचन करा.

शाळेसाठी पारा नकोच. तापमापी फुटला तर पारा विषारी आहे. कमाल-किमान जपून ठेवणारा डिजिटल सेन्सर चालतो, पण तोही पेटीत किंवा थाळ्यांच्या पांढऱ्या छत्रीत हवा. सेन्सर खिडकीच्या गजाला बांधला तर भिंतीची ऊब मोजली जाते.

काचेचे तापमापी वापरत असाल तर चार लागतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. कोरड्या-ओल्यातल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो. ओल्या तापमापीच्या फुग्यावर मलमलीचं पातळ कापड आणि पाण्यात बुडालेली वात असते. तिथे बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, त्याचे क्षार कापडावर बसून ते कडक होतं आणि पाणी वर चढत नाही. बॅटरीसाठी मिळणारं शुद्ध पाणी आणा. कापड आठवड्याला बदला. धुळीचं वादळ येऊन गेलं तर दुसऱ्याच दिवशी बदला.

तपासा: भर मे महिन्यात ओला आणि कोरडा तापमापी सारखाच आकडा दाखवत असतील तर हवा दमट झालेली नाही, वात सुकली आहे.

टप्पा ४: सकाळी साडेआठ, आणि याच क्रमाने

पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार ती पहाटे ३ ची नोंद आहे. त्या वेळी जगभरच्या केंद्रांवर एकाच क्षणाची हवा टिपली जाते. मुख्य केंद्रांवर दर तीन तासांनी वाचन होतं. आपल्यासाठी सकाळचं एक वाचन पुरे, पण ते वेळेवर हवं. मोटर चालू करायची आहे, दूध घालायचं आहे, म्हणून कधी सात, कधी दहा असं केलं तर दोन दिवसांच्या नोंदींची तुलना होऊ शकत नाही.

१. पाच मिनिटं आधी पोचा. वही, पेन आणि मोजपात्र बरोबर घ्या. आधी आकाश पाहून घ्या.

२. पेटीचं दार उघडा आणि लगेच कोरडा तापमापी वाचा. आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश. तुमच्या श्वासाने आणि अंगाच्या उबेने पारा हलतो आणि दशांशच आधी बिघडतो. नंतर ओला, मग कमाल, मग किमान. डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवा. वरून किंवा खालून पाहिलं की अर्धा अंश सहज चुकतो.

३. किमान तापमापीत रंगीत स्पिरिटमध्ये एक बारीक काडी असते. तिचं फुग्यापासून लांबचं टोक वाचायचं. बरेच जण फुग्याकडचं टोक वाचतात आणि थंडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात.

४. वाचलेले आकडे आधी वहीत लिहा, मग पुन्हा एकदा तापमापीकडे पाहा. ५ आणि १० अंशांच्या चुका याच क्षणी सापडतात. २७ ऐवजी ३२ किंवा ३७ लिहिलं जाणं फार सोपं आहे.

५. आता तापमापी पूर्ववत करा. कमाल तापमापीच्या नळीला एक अरुंद गळा असतो, त्यामुळे पारा आपोआप खाली येत नाही. फुगा खाली ठेवून, हात लांब करून झटका द्या. किमान तापमापी फुगा वर करून तिरपा धरा, काडी घसरत स्पिरिटच्या टोकाला येईल. झाल्यावर दोन्ही आकडे कोरड्या तापमापीच्या जवळपास आले पाहिजेत.

६. शेवटी पर्जन्यमापक. नरसाळं काढा, बाटली बाहेर घ्या, पाणी सावकाश मोजपात्रात ओता. मोजपात्र सपाट जागी ठेवून पाण्याच्या वळशाचा खालचा भाग वाचा, काठांना चढलेला नाही. आकडा लिहून झाल्यावरच पाणी फेका. पाणी जास्त असेल तर भाग करून मोजा आणि प्रत्येक भाग लिहून मग बेरीज करा; तोंडी बेरजेत एक मोजपात्र हमखास सुटतं.

७. ओल्या तापमापीच्या भांड्यात पाणी भरायचं ते वाचनानंतर. वाचनाच्या आधी गार पाणी घातलं तर त्या दिवशीचा आकडा वाया जातो.

सावधान: पाऊस नव्हता तरी बाटली रोज पाहायची. नरसाळ्याच्या भोकात लिंबाचं एक पान अडकलं की पाणी वरच साठतं आणि उन्हाने उडून जातं.

मुसळधार पावसात बाटली भरेल असं वाटलं तर रात्रीच मोजा. तो आकडा वेळेसह लिहा आणि सकाळच्या आकड्यात मिळवा. रात्री ११ वाजता ८२.४ आणि सकाळी १९.२ असेल तर दिवसाचा पाऊस १०१.६ मिमी.

टप्पा ५: वहीत कोणत्या तारखेला काय लिहायचं

२४ जूनला संध्याकाळी सहा वाजता पाऊस पडला. तुम्ही तो २५ जूनला सकाळी साडेआठला मोजला. वहीत तो २५ जूनच्या रकान्यात जातो. हवामान विभागाची नोंद अशीच असते. आपण मात्र "काल पडला" म्हणून २४ तारखेला लिहितो आणि मग सरकारी आकड्यांशी एका दिवसाचा फरक पडला की केंद्रालाच दोष देतो.

सकाळी वाचलेलं किमान तापमान आजचं असतं. सकाळीच वाचलेलं कमाल मात्र काल दुपारचं असतं, म्हणून त्याचा रकाना वेगळा ठेवा आणि वर "मागील २४ तासांतलं कमाल" असं लिहा.

पाऊस अजिबात नसेल तर ०.०. नरसाळं ओलं झालं पण ०.१ मिमीसुद्धा भरलं नाही तर "अंशतः" लिहा. मोजायचं राहिलं तर रकान्यात आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांत गल्लत करू नका. "पाऊस नव्हता" आणि "मी पाहिलं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाला गेलात आणि तीन दिवसांनी एकदम मोजलं तर शेवटच्या तारखेला एकूण आकडा आणि "३ दिवसांचा" असा शेरा लिहा. तो तीन दिवसांत वाटून टाकू नका. आकडा खोडायचा असेल तर एक रेघ मारा आणि शेजारी नवा लिहा; जुना वाचता आला पाहिजे.

शेऱ्याच्या रकान्यात पाऊस सुरू कधी झाला, थांबला कधी, गारा, गडगडाट, धुकं, धुळीचं वादळ हे लिहा. कापसाच्या शेतात ४० मिमी पाऊस रात्रभर रिमझिम पडला की पाऊण तासात, हे आकड्यातून दिसत नाही, शेऱ्यातून दिसतं.

टप्पा ६: वारा आणि ढग

वाऱ्याचं अधिकृत मोजमाप जमिनीपासून १० मीटरवर होतं, तेवढा खांब शेतात सहसा शक्य नसतो. डोळ्यांनी अंदाज घ्या: पानं सळसळली तर ताशी ६ ते ११ किमी, धूळ आणि कागद उडाले तर २० ते २८, मोठ्या फांद्या हलल्या तर ३९ ते ४९. दिशा लिहिताना वारा जिकडून येतो ती लिहायची. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा वारा म्हणजे पश्चिमेचा वारा.

ढगांसाठी आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करा आणि किती भाग झाकले ते लिहा.

विजा चमकत असतील तर वाचन सोडून द्या आणि घरात या. वहीत रेघ चालेल.

टप्पा ७: आकडे पारखून घ्या

महिन्यातून एकदा वही घेऊन बसा. ओला तापमापी कोरड्याच्या वर कुठे गेला आहे का? किमान कधी त्याच सकाळच्या कोरड्यापेक्षा जास्त आहे का? कमाल सलग तीन दिवस दशांशासकट तेच आहे का? तसं असेल तर कुणीतरी झटका द्यायला विसरलं आहे. सगळे पावसाचे आकडे ५ आणि १० च्या पटीत असतील तर वाचणारा अंदाजाने लिहीत आहे.

खानदेशच्या उन्हात किमान तापमापी वेगळाच दगा देतो. उन्हाळ्यात स्पिरिटचा थोडा भाग वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला थेंबाच्या रूपात अडकतो. खालचा स्तंभ तेवढा आखूड होतो आणि आकडा अंश-दोन अंशांनी कमी दिसतो. धुळ्याच्या जानेवारीत ही चूक "विक्रमी थंडी" म्हणून पसरू शकते. नळीचं टोक उजेडात धरून पाहा. थेंब दिसला तर फुगा खाली धरून हलकेच झटकत तो खालच्या स्तंभाला मिळवा आणि मग कोरड्या तापमापीशी पुन्हा ताडा.

टप्पा ८: अधिकृत आकड्यांशी तुलना आणि उपयोग

हवामान विभागाच्या वर्गवारीत २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो "पावसाचा दिवस". ६४.५ ते ११५.५ मिमी जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. महसूल खातं २४ तासांत मंडळात ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं.

विभागाचा अंदाज पाहताना जळगाव, धुळे आणि नंदुरबार "मध्य महाराष्ट्र" या उपविभागात शोधा. रावेर-मुक्ताईनगरकडचे लोक विदर्भाचा अंदाज आपला समजतात आणि फसतात. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मेघदूत अॅपवर मिळतो.

जमिनीवरच्या नोंदींनी अंदाज पूर्ण होत नाही. पहाटे ५:३० आणि संध्याकाळी ५:३० ला ठराविक केंद्रांवरून उपकरण बांधलेले फुगे सोडतात, ते वरच्या थरांतलं तापमान, दमटपणा आणि वारा कळवतात. त्याला रडार, विमानं आणि इन्सॅट उपग्रहांची माहिती जोडली जाते, आणि हे सगळं मिळून संगणकाच्या गणिताची सुरुवात ठरते. तुमची वही या साखळीत थेट जात नाही. ती उपयोगी पडते ती अंदाज आणि तुमचं शिवार यांतलं अंतर समजायला: मंडळात ३० मिमी झाला तेव्हा तुमच्याकडे किती, तापीकाठच्या बागेत किमान तापमान मंडळापेक्षा किती खाली जातं.

केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई मात्र अधिकृत संदर्भ केंद्राच्या आकड्यांवर ठरते, तुमच्या वहीवर नाही. म्हणून आपलं महसूल मंडळ कोणतं आणि त्याचं केंद्र कुठे उभं आहे हे हंगामाआधीच विचारून घ्या. ते केंद्र झाडात किंवा इमारतीलगत अडकलेलं दिसलं तर तारखेसह फोटो काढा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाला तुमच्या वहीच्या प्रती जोडायच्या असतील तर त्यातली वेळ, जागा, अंतरं आणि मोजपात्राचं माप पहिल्या पानावर लिहिलेलं असू द्या. ते नसेल तर समोरचा अधिकारी ती वही बाजूला ठेवेल.